उचंत खातं



दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर दोन वर्षांपूर्वी विकलं. चार पिढ्या तिथे नांदल्या. बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांची जी गोष्ट, तीच आमची. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, जिना उभा, गुडघे दुखरे आणि दर पावसाळ्यात छपराची काळजी. एक दिवस ठरवलं, बस झालं.

घराचे कागदपत्र मला अवघड गेले नाहीत. कॉमर्स फॅकल्टीतून १९७० साली बी.कॉम. झालो आणि पुढची एकोणचाळीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे कागदांची भीती नाही. जड गेलं ते माळ्यावरचं सामान. पाणी तापवायचा तांब्याचा बंब, वडिलांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या, एका पितळी डब्यात जुनी नाणी आणि आजोबांची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद होते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बेळगावला दिलेली. तिला फोन केला. ती म्हणाली, "अरे, माझ्याकडे ठेवायला जागा कुठे आहे? वीक काय ते. निम्मे मला दे, गुडघ्याच्या ऑपरेशनला लागतील." म्हणजे सगळं सामान दोघांचं झालं आणि हिशेब माझ्याकडे आला. एक वही घातली. पहिल्या पानावर तारीख, वस्तू, आलेली रक्कम, ताईचा वाटा असे रकाने आखले.

आधी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने बंब दोन बोटांनी वाजवून पाहिला आणि म्हणाला, "काका, वजनना भावे आपी दो." आईने पन्नास वर्षं चिंच लावून घासलेला बंब वजनावर द्यायला मन होईना. तेव्हा माझी नात म्हणाली, "आबा, ऑनलाइन लिलावात लावा ना. लोक बोली लावतात, सात दिवसांनी ज्याची जास्त त्याला वस्तू." तिने खातं उघडून दिलं, फोटो काढून दिले आणि कॉलेजला निघून गेली. पुढचं मी एकट्याने केलं. इथूनच माझ्या फजितीला सुरुवात झाली.

वस्तू लावताना साइट पहिला प्रश्न विचारते तो कॅटेगरीचा. वस्तू कोणत्या वर्गातली? मला वाटलं, हा नुसता उपचार आहे. खरं काम फोटोचं आणि किमतीचं. बंबाचं वर्णन मी लिहिलं, "पाणी तापवण्याचे तांब्याचे साधन, उत्तम स्थितीत." त्यावरून साइटनेच सुचवलं, वॉटर हीटर. मला ते पटलं. पाणी तापवतो, म्हणजे हीटरच की! 'होय' दाबलं.

सात दिवसांत एकही बोली नाही. एक प्रश्न मात्र आला. "किती लिटरचा? फाइव्ह स्टार आहे का? इन्स्टॉलेशन फ्री मिळेल?" नात हसून हसून बेजार झाली. मी मात्र खजील झालो. विचारणाऱ्याचं काय चुकलं होतं? तो गीझरच्या दुकानात शिरला होता आणि मी तिथे कोळशाचा बंब मांडून बसलो होतो.

दुसऱ्या खेपेला तो 'किचन, भांडी' या वर्गात लावला. तिथे कुकर आणि कढया शोधणारे लोक. पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी नातीच्या सांगण्यावरून 'होम डेकोर, जुन्या धातूच्या वस्तू' इथे टाकला. चौथ्या दिवशी बंगळुरूच्या एका हॉटेलवाल्या मुलाने घेतला, भंगारवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट देऊन. वस्तू तीच, फोटो तेच. बदलला होता फक्त रकाना.

पुढे त्या मुलाने फोटो पाठवला. बंब हॉटेलच्या दारात उभा आहे आणि त्यात मनीप्लांट लावलाय. आईने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती कुणास ठाऊक. ताई म्हणाली, "असू दे. निदान उजेडात तरी आहे."

तबकड्यांची गोष्ट याहून वाईट. वडील बालगंधर्वांचे वेडे. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, त्यामुळे आमच्या घरात ते नाव देवघरातल्यासारखंच घेतलं जाई. तबकड्या जुन्या, लाखेच्या. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. मी त्या 'एलपी रेकॉर्ड्स'मध्ये लावल्या. माझ्या मते तबकडी म्हणजे तबकडी.

नागपूरच्या एका गृहस्थांनी एक घेतली. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला, "काका, गाणं कुणी झोपेत म्हणतंय असं येतंय आणि खरखर फार आहे." त्यांचं यंत्र एलपीचं, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांचं. एलपीची सुई बारीक असते. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला सुई वेगळी लागते. एलपीच्या रकान्यात पाहिली म्हणून त्यांनी एलपी समजून घेतली. चूक माझी, म्हणून मी म्हटलं, परत पाठवा, पैसे देतो. त्यांनी बिचाऱ्यांनी नीट बांधूनच पाठवली असेल. पण लाख ती लाख. पाकीट उघडलं तर दोन तुकडे.

वडिलांची ती आवडती तबकडी होती. रविवारी सकाळी दाढी करताना लावायचे. वहीत मी रक्कम 'परत' म्हणून लिहिली आणि पुढच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'नुकसान, माझ्या चुकीने' असं लिहून ताईचा वाटा माझ्या पैशातून टाकला. ताईला तो आकडा सांगितला, तबकडीचं सांगायला पुढे महिना लागला.

उरलेल्या तबकड्या मग '७८ आरपीएम, लाख' या वर्गात गेल्या. तिथे येणारे लोक वेगळेच. प्रश्न विचारतात तेही जाणकारांचे. लेबल कोणत्या रंगाचं, कडेला केसाएवढी तडा आहे का, उभी ठेवली होती की आडवी. एकाने तर गाठोडं कसं बांधायचं तेही शिकवलं. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, मधे हालचाल नको, आणि एका खोक्यात फार ओझं नको. सगळ्या सुखरूप पोहोचल्या.

तिसरी फजिती नाण्याची, आणि ही माझ्यासारख्या आकडेमोडीच्या माणसाला जास्त लागली. डब्यात गायकवाडीतलं तांब्याचं एक नाणं होतं. नागरी अक्षरं, घोड्याचा खूर, तलवार आणि खाली आकडा १९४८. नाण्यांच्या वर्गात साइट विचारते, ब्रिटिश भारत, संस्थानं, की स्वातंत्र्यानंतरची? मी मनाशी हिशेब केला. देश स्वतंत्र झाला १९४७ ला. बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मे १९४९ ला. म्हणजे १९४८ चं नाणं स्वातंत्र्यानंतरचं. दिलं तिथे लावून, किंमतही किरकोळ ठेवली.

तिसऱ्या दिवशी सुरतेच्या एका संग्राहकाचा निरोप आला. "सर, हा इसवी सन नव्हे, विक्रम संवत आहे. सत्तावन्न वजा करा."

१९४८ वजा ५७, म्हणजे १८९१. नाणं माझ्या समजुतीपेक्षा सत्तावन्न वर्षांनी जुनं निघालं! आणि त्यांनी पुढे लिहिलं, स्वतंत्र भारताची स्वतःची नाणी सुरू झाली १५ ऑगस्ट १९५० ला. तेव्हा त्या वर्गात १९४८ चं नाणं पाहून जाणकार माणूस एक तर हसेल, नाहीतर नकली म्हणून पुढे जाईल. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चेकवरच्या तारखा तपासल्या आणि घरच्या नाण्यावरची तारीख मला वाचता आली नाही.

त्या सद्गृहस्थांनी गप्प राहून नाणं स्वस्तात घेतलं असतं तरी मला कळलं नसतं. बोली अजून लागली नव्हती म्हणून वर्ग बदलता आला. त्या साइटवर एकदा बोली लागली की बदलता येत नाही. 'संस्थानं, बडोदा' इथे नेल्यावर पाच जणांनी बोली लावली आणि अखेर ते त्यांनीच घेतलं, योग्य भावात.

त्याच सुमाराला परदेशातून एकाने विचारलं, तिकडे पाठवाल का? मी हो म्हणणारच होतो. माझा भाचा वकील आहे, त्याने थांबवलं. "मामा, १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांपुढच्या अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्रांना तर पंच्याहत्तर वर्षांचीच मर्यादा." म्हणजे मी ते नाणं १९४८ सालचं समजून बेलाशक पोस्टात टाकलं असतं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा कायदा मोडला असता.

आता थोडं बँकेचं सांगतो. आमच्याकडे उचंत खातं असतं, ज्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. एखादी रक्कम आली आणि कुठल्या खात्याची ते कळेना, की ती तात्पुरती उचंतात टाकायची. पण तात्पुरतीच. नव्या कारकुनाला हे खातं फार आवडतं, कारण विचार करावा लागत नाही. आणि ऑडिटर आल्याबरोबर पहिल्यांदा तेच खातं उघडतो, कारण घोळ तिथेच दडलेले असतात. पैसे बँकेतच असतात, पण ज्याचे आहेत त्याला मिळत नाहीत.

लिलावाच्या साइटवर 'इतर' म्हणून जो वर्ग असतो, तो म्हणजे हे उचंत खातं. तिथे टाकलेली वस्तू असते, पण दिसत नाही. मी आपल्या वस्तूला काय म्हणतो याला तिथे किंमत नाही. जो माणूस ती वस्तू शोधतोय तो कोणत्या दारातून आत येतो, ते पाहायचं. त्यासाठी मला सापडलेली सोपी रीत सांगतो. वस्तू लावण्याआधी तसलीच वस्तू साइटवर शोधा. विक्रीला असलेल्या नको, विकल्या गेलेल्या पाहा. मागितलेली किंमत कुणीही लिहील, मिळालेली किंमत खरी. आणि ज्यांना चांगल्या बोली लागल्या त्या कोणत्या वर्गात होत्या ते कागदावर लिहून घ्या. दहा नोंदी पाहिल्या की दार कुठलं ते कळतं.

एवढं शिकल्यावर मी स्वतःला तयार समजत होतो. मग ट्रंक उघडली.

लाल फडक्यातले कागद तेवीस निघाले. मोडी आमच्या आजोबांना येई, वडिलांना थोडी, मला अजिबात नाही. काहींच्या माथ्यावर गायकवाड सरकारच्या स्टॅम्पाचा छापा होता. मी माझ्या रीतीने शोध घेतला. 'कागदपत्रं' या वर्गात असले गठ्ठे पडून होते. 'स्टॅम्प, संस्थानं, रेव्हेन्यू' या वर्गात मात्र चांगल्या बोली लागत होत्या. या वेळी वर्ग अगदी बरोबर निवडला. दोन दिवसांत बोली चढू लागली. पाचव्या दिवशी ती ११,५०० वर गेली. आमच्या सगळ्या सामानातली सर्वांत मोठी रक्कम! ताईला फोन करून सांगितलंही.

त्याच संध्याकाळी सगळ्यात वरच्या बोलीवाल्याचा निरोप आला. भाषा अगदी सभ्य. "सर, मला मिळालं तर स्टॅम्पचा वरचा भाग नीट कापून पाठवलात तरी चालेल. खालच्या मजकुराचा मला उपयोग नाही. वजन कमी होईल, पोस्टेज वाचेल."

त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी स्टॅम्पच्या रकान्यात लावले होते, तो स्टॅम्प घेत होता. पण मी कात्री शोधायला उठलो नाही. खालच्या मजकुरात आहे तरी काय, हे मी अजून विचारलंच नव्हतं. ताईच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांना मोडी वाचता येते. सर्वांत फाटक्या कागदाचा फोटो दोन्ही बाजूंनी काढला आणि ताईला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "तू बस आधी," म्हणाली.

तो गहाणखताचा कागद होता. संवत १९६२, म्हणजे १९०५-०६ च्या सुमाराचा. आमच्या पणजीने, पणजोबा गेल्यानंतर, सोन्याच्या चार पाटल्या एका सावकाराकडे गहाण टाकून १२५ रुपये घेतले होते. व्याज दरमहा शेकडा एक रुपया. कारण लिहिलं होतं, मुलाच्या विद्याभ्यासाकरिता. तो मुलगा म्हणजे आमचे आजोबा. खाली एक वाटोळी खूण होती. मी फोटो काढताना तो दौतीचा डाग समजलो होतो. मास्तरांनी सांगितलं, ती बांगडीची निशाणी. लिहिता न येणाऱ्या बाईची सही म्हणजे बांगडी.

मागच्या बाजूला सात हप्त्यांच्या नोंदी होत्या, आणि शेवटी एक ओळ. भरून पावलो, पाटल्या परत दिल्या.

मंडळी, मी बँकेत किती वर्षं सोन्यावर कर्ज दिलं. काउंटरपलीकडे बायका हातातल्या बांगड्या काढायच्या, कधी साबण लावून. मी वजन लिहायचो, शुद्धता लिहायचो, 'कर्जाचे कारण' या रकान्यात 'घरखर्च' असं लिहून मोकळा व्हायचो. विचारायला वेळ कुठे असे? आमच्या घरात जो पहिला माणूस शिकून गायकवाडांच्या नोकरीत लागला, ज्याच्यामुळे वडील शिकले, मी शिकलो, बँकेत लागलो, त्याच्या शिक्षणाचा पैसा याच रस्त्याने आला होता. आणि तो कागद मी स्टॅम्पच्या मापाने विकायला काढला होता.

ताईला म्हटलं, "लिलावाला दोन दिवस उरलेत. साडेअकरा हजार आहेत. निम्मे तुझे. तू सांग."

ती म्हणाली, "एकदा सोडवलेल्या पाटल्या परत गहाण टाकतोस का रे?"

लिलाव रद्द केला. बोली लागल्यावर असं करणं चांगलं नाही, हे मला माहीत होतं. त्या संग्राहकाला मोठं पत्र लिहून माफी मागितली, कारणही सांगितलं. त्याचं उत्तर आलं नाही. माझ्या खात्यावर त्याने शेरा मात्र दिला, "विक्रेता भरवशाचा नाही." एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत मला एक मेमो मिळाला नाही, आणि हा शेरा आता सगळ्यांना दिसतो. नात म्हणाली, "आबा, तक्रार करा, काढून टाकतील." मी नको म्हटलं. त्याच्या बाजूने तो खराच आहे. मी बोली घेतली होती आणि फिरवली.

ताईचं ऑपरेशन झालं, आता काठीशिवाय चालते. पैसे पुरले. बाकी सामानाचा हिशेब वहीत आहे, तो तिने एकदाही पाहिला नाही. बावीस कागद मास्तर हळूहळू वाचतायत. आतापर्यंत नऊ झाले. त्यात एक औषधांची यादी निघाली, एक विहिरीच्या पाण्याचं भांडण, एक कुणाच्या तरी मुंजीचा खर्च. लिलावात याला कुणी दमडी देणार नाही.

सांगायचं एवढंच. आपल्यापैकी अनेकांची जुनी घरं सध्या मोडतायत, बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरला, बेळगावात. वस्तू विकायला हरकत नाही, बंबाला माळ्यापेक्षा हॉटेलचं दार बरं. वर्ग नीट निवडा, 'इतर'मध्ये टाकू नका, आकडा दिसला तर संवत की सन ते पाहा. आणि मोडी कागद असतील तर वाचून घेतल्याशिवाय कुठल्याच रकान्यात टाकू नका. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि गावोगावी एखादे तरी मास्तर अजून आहेत. त्यांची वयं माझ्यापेक्षा जास्त आहेत, तेव्हा फार थांबू नका.

तो कागद मी फ्रेम केलेला नाही. पासबुकं आणि मुदत ठेवींच्या पावत्या ठेवतो, त्या कपाटात ठेवलाय. वहीत त्याची नोंद करायची राहिली होती, ती काल केली. रकमेच्या रकान्यात काही लिहिलं नाही. शेऱ्यात लिहिलं, "भरून पावलो."